स्फाकियाची शेवटची फेरी

दिवस पहिला : हानिया

लेकीने ग्रीसच्या क्रीट बेटाची तिकिटं काढली ती समुद्रात डुंबायला. ती आणि जावई नेदरलँड्समध्ये असतात, तिथे वर्षातले बरेच महिने ढगच. आम्ही दोघं साताऱ्याहून तिच्याकडे आलेलो. जावयांना रजा मिळाली नाही म्हणून तिघंच निघालो. आम्हा नवरा-बायकोला पोहता येत नाही. पाणी म्हणजे आमच्यासाठी कास तलाव, आणि तोही काठावरून. तरी क्रीटचं नाव निघाल्याबरोबर मी हो म्हटलं, तेव्हा हिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तिथं काहीतरी लढाई झाली असणार," ती म्हणाली.

झाली होती. पण खरं सांगायचं तर मला लढाईत फारसं गम्य नाही. मी एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १४ वाहतूक नियंत्रक म्हणून. माझे चुलत आजोबा मराठा पलटणीत होते. १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर होते, एवढंच घरात माहीत. निवृत्त झाल्यावर केरेनबद्दल वाचायला बसलो आणि पुढच्या पानांवर क्रीट आलं. इथे मराठा पलटण नव्हती. पण मी वाचता वाचता या बेटावरच अडकलो, कारण मे १९४१ च्या शेवटच्या चार रात्री जर्मनांपुढे हरलेल्या ब्रिटिश बाजूच्या सैन्याला इथून जहाजांनी काढलं, आणि तो आमच्या खात्याचा प्रश्न होता. माणसं इतकी, गाड्या इतक्या, अंतर इतकं, आणि उजाडायच्या आत परत फिरायचं.

हानियाचा विमानतळ एका द्वीपकल्पावर आहे. विमान खाली येताना सूदाचा उपसागर दिसला: लांबट, आत घुसलेला, दोन्ही बाजूंनी डोंगर. दक्षिणेला पांढरे डोंगर. त्यांचं नावच ग्रीकमध्ये 'पांढरे डोंगर' असं आहे आणि मे संपत आला तरी माथ्यावर बर्फाचे पट्टे होते. सूदा त्यांच्या उत्तरेला, सुटकेचा किनारा दक्षिणेला. मधे हा सगळा पसारा. मी लेकीला तो खिडकीतून दाखवला, तर ती म्हणाली, "बाबा, आधी हॉटेल शोधू."

संध्याकाळी जुन्या व्हेनेशियन बंदरावर जेवलो. जेवणानंतर वेटरने न मागता काचेच्या छोट्या बाटलीत राकी आणून ठेवली. फुकट. हिने हुंगून बाटली माझ्याकडे सरकवली. "हे जखमेवर लावायचं असणार."

दिवस दुसरा : मालेमे आणि सूदा

सकाळच्या बसने पश्चिमेला मालेमेला गेलो. गावाच्या वरच्या टेकडीवर जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे, ४,४६५ जणांची. जमिनीलगत आडव्या फरश्या, एकेका फरशीवर दोन-दोन नावं. वरून खाली बघितलं की समुद्राला चिकटून धावपट्टी दिसते. साधी, आखूड, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेरच्या हवाईपट्टीसारखी. सगळी लढाई या पट्टीवर फिरली.

२० मे १९४१ ला जर्मनांनी छत्रीधारी सैनिक आणि ग्लायडर उतरवून बेटावर हल्ला केला. पहिल्या दिवशी त्यांची भयंकर हानी झाली. या टेकडीवरची कित्येक नावं तीच. पण त्या रात्री न्यूझीलंडच्या तुकडीने ही टेकडी सोडली. नकाशावर तिचं नाव हिल १०७. वरच्यांशी संपर्क तुटलेला, बाजूच्या तुकड्यांचं काय झालं ते कळेना, म्हणून मागे सरकले. दुसऱ्या दिवशी खालच्या पट्टीवर जर्मन वाहतूक विमानं माणसं घेऊन उतरायला लागली आणि मग थांबलीच नाहीत.

मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बेटावर उरलेली चार-दोन ब्रिटिश लढाऊ विमानं १९ मे ला, म्हणजे हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, इजिप्तला पाठवून दिली होती. तेव्हापासून या आकाशात दिवसा एकाच बाजूची विमानं होती. समुद्रावर याचा अर्थ काय होतो ते २२ मे ला कळलं. ग्लॉस्टर आणि फिजी या दोन ब्रिटिश क्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौका, एकाच दुपारी-संध्याकाळी बुडाल्या. दोघींचाही विमानविरोधी दारूगोळा संपत आला होता. एकट्या ग्लॉस्टरवरचे सातशेहून अधिक खलाशी गेले. म्हणजे माणसं काढायची वेळ येण्याआधीच आरमाराला ठाऊक होतं की उजेडात इथे थांबणं म्हणजे काय.

ही तोवर ओळींमधून फिरत वयं मोजत होती. जन्मसाल आणि मृत्यूसाल वजा करायचं, दुसरं काही वाचता येत नव्हतं. एका फरशीजवळ कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली टाकलेली. तिने ती उचलून पिशवीत घातली आणि पुढच्या ओळीला लागली.

दुपारी उलट्या दिशेला सूदा. तिथे राष्ट्रकुल सैनिकांची दफनभूमी अगदी पाण्याच्या काठाला आहे. दीड हजारांवर उभ्या पांढऱ्या शिळा, जवळजवळ निम्म्यांवर नाव नाही. लेकीने एकीवरचा मजकूर वाचून आईला सांगितला: कोण ते देवाला ठाऊक. माळी पाइप घेऊन गवताला पाणी घालत होता. उपसागरात करड्या रंगाची युद्धनौका उभी होती. आजही हा आरमाराचा तळ आहे.

दिवस तिसरा : इम्ब्रोसची दरी

हानियाहून होरा स्फाकिओनला, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरच्या स्फाकियाला, जाणारी बस सकाळी निघाली. ड्रायव्हरच्या आरशाला माळा, क्रूस, निळा मणी, सगळं लटकवलेलं. मला आपल्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. व्रिसेस गावानंतर चढ लागला. २७ मे ला माघारीचा हुकूम निघाला तेव्हा हजारो माणसं याच रस्त्याला लागली होती. रात्री चालायचं, दिवसा ऑलिव्हच्या झाडांखाली पडून राहायचं, कारण वर विमानं. बूट फाटलेले, पाण्याच्या विहिरी मोजक्या, त्यांच्याभोवती झुंबड. काही तुकड्या शिस्तीत चालत होत्या, पण मोठी गर्दी होती ती तुकडीच हरवलेल्यांची: गोदामातले, गोदीतले, कचेरीतले, स्वयंपाकी. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

चढ संपला की अचानक आस्किफूचं पठार येतं. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे हिरवीगार सपाटी. सैनिकांनी तिला 'बशी' नाव ठेवलं होतं आणि खिडकीतून बघताना दुसरा शब्द सुचत नाही. गावात एका कुटुंबाने लढाईनंतर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय मांडलंय. बस थांबली नाही, राहून गेलं. याची चुटपुट अजून आहे.

इम्ब्रोस गावात आम्ही उतरलो. इथून खाली समुद्राकडे एक दरी जाते, सुमारे आठ किलोमीटर. आता तिथे तिकीट आहे. १९४१ मध्ये बरेच जण रस्त्यानेच गेले, काही या दरीतून उतरले. लेकीला वाटलं मला जमणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. पण हिने एकदा आळंदी ते पंढरपूर पायी वारी केलेली आहे आणि ते ती कुणाला विसरू देत नाही. तिने ओढणी कमरेला बांधली आणि पुढे झाली.

सुरुवातीला दरी रुंद आहे, मग भिंती जवळ येतात. एका ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा दगड बोटांना जवळजवळ लागतो. खाली ओढ्याचं कोरडं पात्र, गोटेच गोटे. गोट्यांमधून कण्हेर फुललेली, गुलाबी, आपल्या देवळामागे असते तीच. कुठून तरी बकऱ्यांच्या घंटा. पाचव्या किलोमीटरला माझ्या उजव्या गुडघ्याने बोलायला सुरुवात केली. पायाखालचा प्रत्येक गोटा हलतो. पाऊल टाकलं की तो कुठल्या बाजूला कलंडणार ते आधी कळत नाही. मी दिवसाउजेडी, पोटभर खाऊन, नवे बूट घालून, पाठीवर फक्त पाण्याची बाटली घेऊन चाललो होतो. एका दगडावर बसलो तेव्हा ही मागे वळून म्हणाली, "अहो, बसू नका, पाय आखडतील. वारीत हेच सांगायचे." उठलो.

दरीच्या तोंडाशी कोमितादेस गाव. तिथून वर बघितलं की डोंगरकड्यावरून नागमोडी उतरणारा रस्ता दिसतो. तो रस्ता बघून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो घरच्यांना कळला नाही. १९४१ मध्ये तो तिथपर्यंत नव्हताच! उत्तरेकडून डोंगर ओलांडून आलेला रस्ता कड्याच्या माथ्यावर येऊन संपत होता. खाली समुद्र दिसतो, गाव दिसतं, पण गाडी जात नाही. पुढे बकऱ्यांची पायवाट. अख्ख्या सैन्याची माघार जिथून व्हायची तिथे शेवटचा तुकडा बांधायचा राहिलेला. लॉऱ्या मोडून तिथेच टाकल्या आणि सगळे पायी उतरले, जखमींसकट.

कोमितादेसहून स्फाकियापर्यंत पिकअप गाड्या दरीतून आलेल्यांना मागे उभं करून नेतात, माणशी काही युरो. ड्रायव्हरने आम्हाला बसवलं, मग अजून चार जर्मन पोरं, मग अजून एक जोडपं. "हे वडाप आहे," ही म्हणाली आणि कडी धरून खुशीत उभी राहिली.

तिसऱ्या दिवसाची रात्र : बारा ते तीन

होरा स्फाकिओन म्हणजे डोंगराच्या पायाशी चिकटलेली चार-पाच डझन घरं, एक धक्का, एक गोट्यांची चौपाटी आणि खाणावळींची रांग. साडेअकराला खाणावळी खुर्च्या उलट्या करायला लागल्या. मी धक्क्यावर जाऊन बसलो. ही आणि लेक सोबतीला आल्या. एक जण काळजीने, दुसरी कंटाळा करत.

"तीनपर्यंत बसणार?" लेकीने विचारलं.

"त्यांना तेवढेच तास होते."

मग तिला हिशोब सांगितला. जहाजं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून यायची. अंतर सुमारे ७०० किलोमीटर. सकाळी निघालं तर मध्यरात्रीच्या सुमारास इथे. मेच्या शेवटी रात्र केवढीशी! पहाट व्हायच्या आत दक्षिणेला जितकं दूर जाता येईल तितकं जायचं, कारण उजेड झाला की बाँबफेकी विमानं मागे लागणार. म्हणून तीनला निघायचंच. इथे तेव्हा मोठं जहाज लागेल असा धक्का नव्हता. जहाजं बाहेर थांबायची आणि होड्यांनी माणसं नेऊन चढवायची, अंधारात, दिवा न लावता. मध्यरात्र ते तीन. या तीन तासांत जेवढी चढतील तेवढी.

पहिल्या रात्री, २८ मे ला, चार विनाशिका आल्या. त्यांनी येताना किनाऱ्यावरच्यांसाठी शिधा आणला आणि जाताना सातशेहून अधिक माणसं नेली. दुसऱ्या रात्री मोठा ताफा आला: चार क्रूझर, विनाशिका आणि ग्लेनगाइल नावाचं जहाज, ज्याच्यासोबत सपाट तळाच्या होड्या होत्या. त्या होड्यांनी काम केलं. एका रात्रीत सुमारे ६,००० माणसं निघाली. परतताना ऑस्ट्रेलियाच्या पर्थ क्रूझरवर बाँब पडला, तरी ती पोहोचली. तिसऱ्या रात्री चार विनाशिका निघाल्या, दोन वाटेतूनच फिरल्या, एक बिघाडाने आणि एक हल्ल्याने. उरलेल्या दोघींनी, नेपियर आणि निझॅम, दीड हजाराच्या आसपास माणसं कोंबली. अशा जहाजावर इतकी माणसं म्हणजे टपावर, जिन्यात, इंजिनाशेजारी.

"निझॅम? म्हणजे हैदराबादचा?" हिने विचारलं. ती झोपली असं मला वाटत होतं. नावाचा उगम काहीही असो, त्या दोन्ही जहाजांवर ऑस्ट्रेलियन खलाशी होते.

अलेक्झांड्रियात तेव्हा ॲडमिरल कनिंगहॅम बसले होते. भूमध्य समुद्रातलं आरमार त्यांच्या हाताखाली. रोज जहाजं बुडताहेत, मोडताहेत, आता थांबावं, असं म्हणणारे भोवती होते. त्यावर त्यांचं बोलणं प्रसिद्ध आहे: जहाज बांधायला तीन वर्षं लागतात, परंपरा बांधायला तीनशे. सैन्याला सोडून आरमार जाणार नाही. हे वाक्य मी जिथे वाचलं तिथे लेखक सगळे भारावलेले. मला मात्र त्याच माणसाचा पुढचा निर्णय जास्त मोठा वाटतो आणि तो कुणी फळ्यावर लिहून ठेवत नाही. ३१ मे ची रात्र ही शेवटची, त्यापुढे जहाज नाही, हेही त्यांनाच सांगावं लागलं.

लेक म्हणाली, "म्हणजे परंपरा तिथं संपली?"

मी तिला पंढरपूरचं सांगितलं. आषाढीला जादा गाड्यांच्या कामावर होतो. एकादशी झाली की परतीची गर्दी लोटते. एका रात्री पाऊस, रस्ता तुंबलेला, गाड्या परत येईनात. दीड वाजता मी भोंग्यावर सांगितलं की आता सकाळपर्यंत गाडी नाही. फलाटावर म्हाताऱ्या बायका गाठोड्यांवर बसलेल्या. त्यांना सकाळी गाडी मिळणार होती, त्यामुळे ही तुलना करायला मला लाज वाटते. पण हातात भोंगा घेऊन 'नाही' म्हणताना काय होतं, तेवढं मला ठाऊक आहे.

आणि रांग. स्फाकियाला नियम असा होता की लढणाऱ्या तुकड्या आधी, त्याही आपल्या अधिकाऱ्यासह, अखंड. तुकडी हरवलेले मागे. किनाऱ्याकडे येणाऱ्या वाटेवर संगिनी लावलेला पहारा बसवलेला, कुणी मधेच घुसू नये म्हणून. आरक्षणवाले आधी, उभे राहणारे नंतर. हा नियम मला पटतो. पुढच्या लढाईला लढणारी माणसं हवीत. पण ज्याने आयुष्यभर गोदीत पोती उचलली, ज्याच्या हाती कुणी बंदूकच दिली नव्हती, त्याला 'तू लढणारा नाहीस म्हणून थांब' असं सांगणं कसं वाटलं असेल?

तो नियमही शेवटी उलटला. ३१ मे च्या रात्री पाच जहाजं आली. ऑस्ट्रेलियाची २/७ बटालियन सर्वांत मागे राहून शत्रूला रोखून होती. तिची पाळी शेवटची, पण ठरलेली. ती कड्यावरून उतरायला लागली तेव्हा पायवाटेवर, अंधारात, तुकडी हरवलेल्यांची दाटी. वाट काढत काढत ती किनाऱ्यावर आली. थोडे जण चढले. मग तीन वाजले. त्या रात्री पावणेचार हजारांच्या आसपास माणसं गेली आणि सुमारे ५,००० किनाऱ्यावर राहिली. ज्यांनी इतरांना जाता यावं म्हणून धरून ठेवलं, तेच राहिले. सकाळी त्या बटालियनचा कमांडर कोमितादेसला, म्हणजे जिथे आम्ही वडापमध्ये चढलो तिथे, चालत गेला आणि शरण आला.

अडीचच्या सुमारास लेकीने डोकं आईच्या मांडीवर टेकलं. एक मांजर येऊन माझ्या बुटाशी बसलं. समुद्र काळा, आवाज फक्त गोट्यांचा: लाट आली की खळखळ, परतली की लांबट खरखर. तीनला पाच कमी असताना धक्क्याच्या टोकाला कुणीतरी डिझेल इंजिन चालू केलं. कोळी असणार. त्याने दोर सोडला, होडी फिरवली आणि निघाला. दिवा लवकर दिसेनासा झाला. इंजिनाची टकटक मात्र पाण्यावरून येत राहिली, मी घड्याळात बघितलं, जवळजवळ अकरा मिनिटं. होडी दिसत नाही आणि आवाज येतोय.

"चला आता," ही म्हणाली. "माझी मांडी बधिर झाली."

दिवस चौथा : स्फाकिया

दहाला उठलो. गुडघा सुजलेला, त्यामुळे फिरणं बंद. बसून खाल्लं. इथली खासियत म्हणजे स्फाकियाची पीटा. कणकेच्या गोळ्यात मिझिथ्रा नावाचं मऊ पांढरं चीज भरतात, हलक्या हाताने पातळ लाटतात, तव्यावर भाजतात आणि वरून मध. हिने पहिला घास घेतला, मग खाणावळीच्या आत जाऊन उभी राहिली. भाषा शून्य. आतल्या बाईने गोळा कसा उघडायचा, सारण कसं घालायचं ते दाखवलं. हिने मान हलवून हाताने खूण केली की आमच्याकडे यात गोड घालतात आणि लाटताना पिठी जास्त. पुरणपोळी समजली की नाही देव जाणे, पण दुसरी पीटा फुकट आली.

बंदराजवळ स्मारक आहे, तिथे लंगडत गेलो. समोरच्या पाण्याकडे बघताना गॅरेट आठवला. ग्लेनगाइलने मागे सोडलेल्या सपाट होड्यांपैकी एक रॉयल मरीन्सच्या मेजर गॅरेटने ताब्यात घेतली. सुमारे १४० माणसं, थोडं इंधन, त्याहून थोडं अन्न. इंधन संपल्यावर ब्लँकेटं शिवून शिडं केली. ती वाऱ्यात फिरेनात तेव्हा माणसं पाण्यात उतरून होडी ढकलून वळवायची. आठवडाभराहून जास्त दिवसांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. किनाऱ्यावर राहिलेल्या बाकीच्यांमधले शेकडो डोंगरात शिरले. गावकऱ्यांनी, मेंढपाळांनी, मठांनी त्यांना लपवलं. प्रेवेलीच्या मठाने लपवलेल्यांना पुढे पाणबुड्यांनी नेलं. बेटाने त्याची किंमत मोजली. पश्चिमेकडचं कांदानोस गाव जर्मनांनी ३ जूनला अख्खं नष्ट केलं, तेही लढाईत गावकरी उभे राहिले याचा सूड म्हणून.

शेवटचा ताफा मात्र बऱ्यापैकी सुखरूप गेला. त्याला सोबत द्यायला अलेक्झांड्रियाहून दोन क्रूझर निघाल्या होत्या. त्यातली कलकत्ता १ जूनला सकाळी बुडवली गेली. दुसरीने तिचे अडीचशेहून अधिक लोक पाण्यातून काढले. आमच्या एका शहराचं नाव त्या तळाशी आहे.

दिवस पाचवा : हेराक्लिओन

परतीची वाट आम्ही मुद्दाम हेराक्लिओनहून ठेवली होती. लेकीला क्नोसोसचा राजवाडा बघायचा होता. तो बघितला, ऊन मी म्हणत होतं, जास्त लिहीत नाही. रात्री नऊच्या बोटीने अथेन्सचं बंदर पिरेअस. मधल्या वेळात आम्ही कूलेस किल्ल्यापाशी लाटारोधक भिंतीवर बसलो.

स्फाकिया दक्षिणेला आहे, हे बंदर उत्तरेला. इथल्या सैन्याला काढायला जहाजांना बेटाच्या पूर्व टोकाला वळसा घालून कासोसच्या सामुद्रधुनीतून यावं लागलं, आणि जवळच्याच कार्पाथोस बेटावर जर्मन विमानांचा तळ. २८ मे ला सकाळी रिअर ॲडमिरल रॉलिंग्ज तीन क्रूझर आणि सहा विनाशिका घेऊन निघाले. एक क्रूझर वाटेतच मार खाऊन परत पाठवली. उरलेली रात्री साडेअकराला इथे पोहोचली. इथे धक्का होता, त्यामुळे काम झपाट्याने झालं. साडेतीन तासांत सुमारे ४,००० माणसं, आवाज न करता. तीन वाजून वीस मिनिटांनी ताफा सुटला. इस्पितळातले गंभीर जखमी मागे ठेवले होते. खांद्याला खांदा लावून लढलेल्या ग्रीक तुकड्यांना सांगितलंच नव्हतं. ते या यादीत नव्हते.

इथपर्यंत वेळापत्रक चोख होतं. मग पावणेचारला ब्रेकडाऊन. इम्पीरियल या विनाशिकेचं सुकाणू अडकलं. आदल्या संध्याकाळी जवळ पडलेल्या बाँबचा तो उशिरा आलेला परिणाम. गोल फिरायला लागली. रस्त्यात गाडी बंद पडली की आपण काय करतो? मागच्या गाडीत प्रवासी हलवतो. हॉटस्पर ही दुसरी विनाशिका तिच्या शेजारी आली, अंधारात सगळी माणसं आपल्यावर घेतली, मग रिकाम्या इम्पीरियलला स्वतःच पाणतीर मारून बुडवलं. हॉटस्परवर आता ९०० च्या आसपास माणसं. बाकीचा ताफा तिच्यासाठी हळू चालला. तिला सोडून गेला नाही. यात दीड तास गेला.

दीड तास लेट. माझ्या नोकरीत दीड तास लेट म्हणजे चौकशीच्या खिडकीवर आरडाओरडा आणि लॉगशीटवर एक शेरा. इथे त्याचा अर्थ असा झाला की कासोसच्या अरुंद पाण्यात पोहोचायला उजाडलं. सकाळी सहानंतर हेअरवर्ड या विनाशिकेवर बाँब पडला. ती मागे पडली, किनाऱ्याकडे वळली, आणि या वेळी ताफा थांबला नाही, थांबणं शक्यच नव्हतं. ती बुडाली, तिच्यावरच्या बऱ्याच जणांना इटालियन बोटींनी पाण्यातून काढून कैद केलं. डायडो या क्रूझरवर बाँब पडला. दुसऱ्या क्रूझरवर, ओरायनवर पडला, तिचा कप्तान जखमी होऊन मेला. पावणेअकराच्या सुमारास ओरायनवर आणखी एक बाँब पडला, पुलावरून, म्हणजे कप्तान उभा राहून जहाज चालवतो त्या मजल्यावरून, आरपार, खाली जिथे सैनिक दाटीवाटीने बसवले होते तिथे फुटला. तिच्यावर ११०० च्या आसपास सैनिक होते. २६० मेले, २८० जखमी झाले. सुकाणूची यंत्रणा तुटली, पुलावरचा हुकूम इंजिनापर्यंत जाईना. मग माणसांची साखळी उभी केली, आणि 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्द एका तोंडातून दुसऱ्या कानात असे जहाजाच्या मागच्या टोकापर्यंत नेले.

रात्री आठला ओरायन अलेक्झांड्रियात लागली. टाकीत १० टन इंधन, मुख्य तोफांचे स्फोटक गोळे दोन.

ज्यांना इथून उचललं त्यांतल्या दर पाचांमागे जवळपास एक मेला, जखमी झाला किंवा कैद झाला. आणि सगळी बेरीज अशी की दोन्ही बंदरं मिळून सुमारे १६,५०० निघाले, बारा हजारांच्या आसपास कैदी झाले, आणि शत्रूला रोखण्याच्या आणि सैन्य काढण्याच्या त्या दहा-बारा दिवसांत आरमाराचे अठराशेहून अधिक खलाशी गेले. मी हे आकडे पुनःपुन्हा मांडून बघतो. भारमान काढता येत नाही.

आठला बोटीवर चढलो. खाली लॉऱ्या मागे मागे येत आत शिरत होत्या, शिट्टीवाला पोरगा एका हाताने त्यांना दोन-दोन बोटांच्या अंतरावर लावत होता. त्याचं काम मी बराच वेळ बघितलं, चुकला नाही. आमची जागा डेकजवळच्या खुर्च्यांवर. हिने शाल काढली, पिशवी उशाला घेतली. पिशवीत मालेमेची ती रिकामी बाटली अजून होती. तिला कुठे कचराकुंडी आठवली नव्हती की काय.

नवाला भोंगा झाला, पण मागचा लोखंडी उतार उघडाच. एक म्हातारी आणि तिचा नातू दोन खोकी ओढत धक्क्यावरून येत होते. शिट्टीवाल्याने त्यांना हात केला, खोकी स्वतः उचलली. मग उतार वर गेला. मी वहीत लिहिलं: हेराक्लिओन, सुटली २१.०४. चार मिनिटं लेट.